दोष परदेशाच्या पाण्याचा नाही

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो खुळचट नाही. भारतात दर लाख स्त्रियांमागे वर्षाला साधारण २६ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, अमेरिकेत साधारण ९० जणींना. हे आकडे वयोमानातला फरक काढून टाकून काढलेले आहेत, त्यामुळे ‘तिकडे म्हाताऱ्या बायका जास्त’ हे उत्तर इथे चालत नाही. जपान, चीन, फिलिपिन्स इथून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत हा दर पिढीगणिक चढत गेला, हेही नोंदलेलं आहे. रक्त तेच, देश बदलला आणि रोग वाढला. तेव्हा दोष देशाचा: तिथल्या चीज-बटरचा, फ्रोझन जेवणाचा, तिथल्या मोकळ्या राहणीचा, आणि शेवटी डिओडरंटपासून ब्रापर्यंत हाताला लागेल त्या वस्तूचा. यातला शेवटचा भाग व्हॉट्सॅपवर फिरतो, पहिला भाग चांगल्या शिकल्यासवरलेल्या वक्त्यांच्या भाषणात असतो. दोघांचा निष्कर्ष एकच. पाश्चात्त्य राहणीने हा रोग दिला. आपलं भाजी-भाकरीचं जगणं सोडलं नसतं तर तो टळला असता.

आकड्यांशी माझं भांडण नाही, ते खरे आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

या विषयातला पायाभूत अभ्यास विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी कोणकोणत्या कॅन्सरने मरतात, हे त्यांनी मृत्यूच्या नोंदींवरून तपासलं. या अभ्यासाचा हवाला पुष्कळ जण देतात. वाचला किती जणांनी असेल, अशी मला शंका येते. कारण त्यातली खरी गोम तीन कॅन्सर शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर स्थलांतरित पिढीतच झपाट्याने अमेरिकी पातळीकडे सरकला. जठराचा कॅन्सर जपानात फार. तो आलेल्या पिढीत फारसा हटला नाही, मुलांच्या पिढीत उतरला. आणि स्तनाचा? बोटीतून उतरलेल्या इस्सेई बायकांमध्ये तो कमीच राहिला, आणि अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या निसेई मुलींमध्येसुद्धा गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या बराच खाली होता. चढण दिसली ती त्यानंतर, सावकाश.

माणसं तीच, नवं जेवण तेच, हवापाणी तेच. ताटातला बदल हेच मुख्य कारण असतं, तर स्तनाच्या कॅन्सरने आतड्याच्या कॅन्सरबरोबर चालायला हवं होतं. तो चालला जठराच्या चालीने. जठराच्या संथपणाचं कारण आज आपल्याला ठाऊक आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात मुक्काम ठोकतो, आणि मोठेपणी देश सोडणाऱ्या माणसाबरोबर तोही बोटीत चढतो. स्तनाच्या कॅन्सरमागे असा जंतू नाही. पण बालपणात आणि वयात येताना काहीतरी ठरून जातं आणि ते सामानासोबत येतं, ही शंका १९६८ च्या त्या तक्त्यांतच दडलेली होती.

पंचवीस वर्षांनी ती जवळजवळ उघड झाली. रेजिना झिगलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड, लॉस एंजेलिस आणि हवाईतलं ओआहू बेट इथल्या चिनी, जपानी आणि फिलिपिनो वंशाच्या, २० ते ५५ वयाच्या स्त्रिया होत्या. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त धोक्याच्या गटांत सहापट अंतर निघालं. वृत्तपत्रांनी उचलला तो हा आकडा. पण त्या सहापटीचे टप्पे बघा. पश्चिमेत जन्मलेल्यांचा धोका पूर्वेत जन्मलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. पश्चिमेत जन्मलेल्यांमध्येही आजी-आजोबा कुठे जन्मले यावरून फरक. आणि स्थलांतर केलेल्यांमध्ये, मूळ देशात शहरात राहिलेल्यांचा धोका खेड्यातून आलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त. ‘परदेशाने रोग दिला’ म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या ओळीवर थोडं थांबायला हवं. मनिला किंवा शांघायमधून आलेली बाई विमानात बसायच्या आधीच खेड्यातल्या बाईहून वेगळी झालेली होती. सीमा ओलांडली गेली होती. ती फक्त पासपोर्टवर नोंदली जात नाही.

याच अभ्यासातला एक आकडा पूर्वपक्षाच्या बाजूने आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पश्चिमेत दहा वर्षं किंवा अधिक काढलेल्या स्त्रियांचा धोका नव्याने आलेल्यांपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे प्रौढपणीही काहीतरी घडतं. काय घडतं, त्याचा एक भाग पुढे याच गटाच्या अभ्यासातून कळला: वजन. मध्यमवयात वाढलेलं वजन धोका वाढवतं. पाळी गेल्यावर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, हे त्यामागचं साधं शरीरशास्त्र. वजन वाढवायला अमेरिकाच लागते असं मात्र कोणी म्हणू नये. ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरातही ते उत्तम वाढतं.

आता ताटाकडे येऊ. आहाराचा सिद्धान्त भक्कम वाटावा असा काळ खरोखर होता. १९७५ मध्ये ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनी देशोदेशीचे कॅन्सरचे दर तिथल्या आहाराशी ताडून पाहिले. जिथे माणशी स्निग्ध पदार्थ जास्त, तिथे स्तनाचा कॅन्सर जास्त, असं चित्र निघालं. आलेख इतका देखणा होता की तो पुढची दोन दशकं व्याख्यानांतून हलला नाही. पण जिथे लोणी जास्त खाल्लं जातं तिथे मोटारीही जास्त असतात, शाळाही जास्त असतात, आणि लग्नंही उशिरा होतात. देशांची तुलना ही माणसांची तुलना नसते. माणसांवर पाहिलं तेव्हा चित्र विरघळलं. वॉल्टर विलेट यांच्या गटाने १९८७ मध्ये सुमारे ८९ हजार अमेरिकी परिचारिकांच्या पाठपुराव्यातून स्निग्ध आहार आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध सापडत नसल्याचं दाखवलं. तरीही शंका उरली म्हणून अमेरिकेने प्रत्यक्ष प्रयोग केला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये पाळी गेलेल्या ४८,८३५ स्त्रियांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि त्यांच्या जेवणातला स्निग्धांश कमी केला. सरासरी आठ वर्षांनी, २००६ मध्ये निकाल आला: फरक ९ टक्क्यांचा, तोही योगायोगाने पडू शकेल इतकाच.

मग आपल्याकडचा शाकाहार? भारतातल्याच अनेक केंद्रांमधून दोन हजारांहून अधिक रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया घेऊन केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मभर शाकाहारी असण्याने स्तनाच्या कॅन्सरच्या धोक्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. भाजी-भाकरी खावी, त्याला इतर पुष्कळ कारणं आहेत.

मंडनाकडे वळायला जरा मागे, इटलीतल्या पदुआला जावं लागतं. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा व्यवसायजन्य रोगांचा आद्य अभ्यासक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलं की मठांतल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा फार दिसतो. जोगिणींचं जेवण बेताचं, राहणी कडक, मोकळेपणा शून्य. आजच्या राहणीवाद्यांना हा मठ पचणं कठीण आहे. १९२६ मध्ये जेनेट लेन-क्लेपन या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी ५०० रुग्ण आणि ५०० निरोगी स्त्रिया यांची पद्धतशीर तुलना केली, तेव्हा लग्नाचं वय, मुलांची संख्या आणि अंगावर पाजणं या तीन गोष्टी पुढे आल्या. १९७० मध्ये ब्रायन मॅकमहन यांनी बॉस्टनपासून टोकियोपर्यंत सात ठिकाणी पाहून सांगितलं की अठराव्या वर्षाआधी आई झालेल्या स्त्रीचा धोका पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या स्त्रीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. बॉस्टनचं ताट वेगळं, तैपेईचं वेगळं. उतार मात्र सगळीकडे एकाच दिशेने.

याचं कारण होजे आणि इर्मा रुसो या दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या कामातून कळलं. पहिली पाळी ते पहिलं पूर्ण दिवसांचं बाळंतपण या काळात स्तनातल्या पेशी अर्धवट घडलेल्या अवस्थेत असतात, भराभर विभागत असतात आणि बिघाड सहज धरतात. बाळंतपणाने त्या पक्व होतात. म्हणजे मोजायचं आहे ते या दोन घटनांमधलं अंतर. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकरी कुटुंबातल्या मुलीला पाळी पंधराव्या-सोळाव्या वर्षी यायची आणि दोन-तीन वर्षांत मांडीवर मूल असायचं. आज मुंबईत किंवा न्यूजर्सीतल्या एडिसनमध्ये पाळी बाराव्या वर्षी आणि मूल तिशीत. मधली अठरा वर्षं आधी नव्हतीच.

२००२ मध्ये तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला गेला. दर बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी कमी, आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी. श्रीमंत देशांतल्या स्त्रियांना गरीब देशांतल्या पूर्वीच्या स्त्रियांइतकी मुलं झाली असती आणि त्यांनी तितका काळ पाजलं असतं, तर सत्तरीपर्यंत शंभरातल्या ६.३ जणींऐवजी २.७ जणींनाच हा रोग झाला असता, असा तो अंदाज. निम्म्याहून जास्त घट, आणि तिचा मोठा वाटा पाजण्याचा. लोण्याचा हिशेबात पत्ता नाही.

पण बाळंतपणांनी सगळं उलगडतं असं म्हणणं म्हणजे एक एककल्लीपणा काढून दुसरा बसवणं. झिगलर यांच्याच अभ्यासातल्या आशियाई-अमेरिकी स्त्रियांच्या पाळी-बाळंतपणांचा स्वतंत्र हिशेब केला गेला, तेव्हा स्थलांतराबरोबर चढणारा धोका त्याने पुरता भागला नाही. राहिलेल्याचा माग मला उंचीत दिसतो. त्याच स्त्रियांमध्ये सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच यांच्यात सात इंचांचं अंतर होतं, आणि तेवढ्या अंतरात धोका दुप्पट झाला. उंची विसाव्या वर्षानंतर वाढत नाही. ती बालपणीच्या पोषणाची, लहानपणी कमी झालेल्या आजारांची खूण आहे. भरल्या पोटी वाढलेल्या मुलीला पाळीही लवकर येते, आणि पाळी एकेक वर्ष अलीकडे आली की धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. त्या वयात स्तन किती हळवा असतो, याचा भीषण पुरावा हिरोशिमा-नागासाकीने दिला. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गातून वाचलेल्यांपैकी ज्या तेव्हा विशीच्या आतल्या मुली होत्या, त्यांच्यात पुढे स्तनाच्या कॅन्सरची वाढ सर्वांत जास्त झाली. स्फोट सगळ्यांसाठी तेच, पण परिणाम वयाप्रमाणे वेगळा.

हेन्झेल-कुरिहारांच्या इस्सेई बायकांना अमेरिकेने हात का लावला नाही, याचं उत्तर इथे आहे. त्या आल्या तेव्हा त्यांची हाडं वाढून झाली होती, पाळी केव्हाच आलेली होती, पुष्कळींचं लग्नही ठरूनच त्या निघालेल्या होत्या. नातींचं सगळंच वेगळं होतं.

भारतीयांबद्दलचा थेट पुरावा हवा असेल तर तो इंग्लंडमध्ये मिळतो. ‘मिलियन विमेन स्टडी’त दहा लाखांहून अधिक स्त्रिया आहेत, त्यांत दक्षिण आशियाई वंशाच्या ५,८७७. तोरल गथानी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यांची गोऱ्या स्त्रियांशी तुलना केली. नुसतं वय आणि प्रदेश जमेस धरला तर दक्षिण आशियाई स्त्रियांचा दर १८ टक्क्यांनी कमी. मग मुलं किती, पहिलं कधी, पाजलं किती, उंची, वजन, मद्य, पाळी जाताना घेतलेले हार्मोन अशा माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी हिशेबात घेतल्या. फरक ५ टक्क्यांवर आला, म्हणजे उरलाच नाही म्हणायला हरकत नाही. याने दोन्ही समजुती एका दमात निकालात निघतात. ‘आपल्या रक्तातच संरक्षण आहे’ हीही, आणि ‘विलायतेच्या पाण्यात विष आहे’ हीही.

खरं तर इतकं लांब जायचंही कारण नव्हतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या दशकांतच दिसलं की शहरातल्या सगळ्या समाजांत स्तनाच्या कॅन्सरचा दर सर्वांत वरचा पारशी स्त्रियांचा आहे. हिंदू स्त्रियांमध्ये तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे होता. दोघी राहात होत्या एकाच मुंबईत. पारशी मुली शिकत, लग्नं उशिरा करत, कित्येक करतच नसत, आणि मुलं एक-दोन. एवढ्या बंदिस्त समाजात वंशपरंपरेचाही हात असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी खोडत नाही. पण ही तफावत अमेरिकेच्या माथी मारता येत नाही, एवढं नक्की. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण नोंदणी आहे. तिथला दर मुंबईच्या निम्म्याहूनही कमी राहिला. आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात २००९ ते २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात आयुष्याची पहिली वीस वर्षं खेड्यात काढलेल्या स्त्रियांचा धोका त्या वयात शहरात राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. शांघाय-मनिलाचा नियम सोलापूर-साताऱ्यालाही लागू पडला. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय नोंदणीत हैदराबादचा दर लाखामागे ४८ होता, चेन्नईचा ४२. ‘भारताचा दर २६’ या सरासरीत दोन वेगळे देश एकत्र मोजलेले आहेत.

इथे त्या सुरुवातीच्या तुलनेतली चूक उघडी पडते. अमेरिकेचा व्हिसा काही चिठ्ठ्या टाकून मिळत नाही. पुण्याहून न्यूजर्सीला जाते ती बहुतेक वेळा शहरात वाढलेली, पदवीधर, अंगापिंडाने धडधाकट मुलगी, किंवा तशा मुलाशी उशिरा लग्न केलेली. तिची तुलना करायची तर कोथरूडला राहिलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीशी करायला हवी. आपण करतो ती देशाच्या सरासरीशी, म्हणजे मुख्यतः खेड्यात राहिलेल्या, आणि जिची गाठ कदाचित कुठल्याच डॉक्टरने पाहिली नाही अशा स्त्रीशी. शिवाय ज्या दराशी भिडवतो तो अमेरिकी दरही काही निसर्गदत्त नाही. मॅमोग्राफी वाढली तसा तो वाढला. २००२ च्या उन्हाळ्यात पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन गोळ्यांचे धोके जाहीर झाले, बायकांनी त्या झपाट्याने सोडल्या, आणि २००३ मध्ये तिथला दर सुमारे ७ टक्क्यांनी खाली आला. जेवण वर्षभरात बदललं नव्हतं.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मग पोरींची लग्नं लवकर उरकावीत. हा निष्कर्ष काढणारे आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या पणजीला स्तनाचा कॅन्सर झाला नाही, कारण ती विशीच्या आतच आई झाली, आठ वेळा बाळंत झाली, त्यातली काही मुलं गेली, आणि पुष्कळदा तीच बाळंतपणात गेली. ज्या वयात हा रोग गाठतो त्या वयापर्यंत ती पोचलीच नाही. तिने ते संरक्षण निवडलेलं नव्हतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, ते तिची सुटका व्हावी म्हणूनच. आज महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. १९९२-९३ मध्ये २.९ होती. दर इथेही चढणार, कोणी विमानात बसो वा न बसो. शिक्षणाची आणि स्वतःच्या शरीरावरच्या हक्काची ती किंमत आहे, आणि ती पाहून शिक्षण परत करायचं नसतं. बदलण्यासारखं जे आहे ते बदलावं: पाजायला सवड मिळेल अशी नोकरीतली रजा, कमरेचा घेर, दारू, विनाकारण घेतलेले हार्मोन.

पूर्वपक्षाने सर्वांत मोठं नुकसान केलंय ते वेगळ्याच जागी. परदेशाला बदनाम करताना आपल्या लक्षात आलं नाही की रोग होण्याचा दर आणि रोगाने मरण्याचा दर एकमेकांच्या उलट चालतात. २०२२ च्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे २ लाख ७४ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ४३ हजार दगावल्या. भारतात झाला सुमारे १ लाख ९२ हजार जणींना आणि दगावल्या सुमारे ९८ हजार. २०१० ते २०१४ दरम्यान निदान झालेल्यांपैकी पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण तिकडे ९० टक्के, इकडे ६६. ज्या देशाला आपण रोगाचं माहेर ठरवतो तिथे हा रोग झालेली बाई जगण्याची शक्यता जास्त आहे.

आणि परदेशात असूनही आपल्या बायका तिथल्या सोयींचा फायदा पुरता घेत नाहीत. इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी फुकट तपासणीचं पत्र घरी येतं. त्याला प्रतिसाद देण्यात दक्षिण आशियाई स्त्रिया मागे राहतात, हे तिथल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. भाषा, लाज, घरची कामं ही कारणं आहेतच. पण ‘आमच्यात हा रोग नसतो’ ही समजूतही त्यांत आहे, आणि ती जिथून आली त्याच पूर्वपक्षाची ती दुसरी बाजू आहे. इकडे मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं एक प्रयोग चालवला. सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्या वस्त्यांतल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, मॅमोग्राफी नाही की यंत्र नाही. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या. पन्नाशीच्या आत मृत्यू घटले नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये ते जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जिची मुलं मोठी झाली, जी आता सहा महिने मुलाकडे डॅलसला आणि सहा महिने घरी असते, आणि ‘या वयात कसली तपासणी’ म्हणून जी दोन्हीकडे ती टाळते, नेमक्या तिच्याच वयोगटात.